आण्णा जिंकले ती कुस्ती

आण्णा ज्या दिवशी हरायला जायचे त्या दिवशी आई उपास करायची. ते हरायलाच जातात हे तिला माहीत नव्हतं, एवढंच. तिच्या मते ते लढायला जायचे आणि तिची भक्ती कुठंतरी कमी पडायची. मग पुढच्या खेपेला ती उपास आणखी कडक करायची. आधी साबुदाणा चालायचा, मग नुसतं दूध, मग तेही बंद. आण्णा पिशवी घेऊन निघाले की ती उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या हातावर दही घालायची आणि म्हणायची, "आज तरी पाठ लावून घिऊ नका." आण्णा दही चाटायचे, मिशी पुसायचे आणि तिच्याकडं न बघता सायकलवर टांग टाकायचे.

आण्णा खरे पैलवान होते हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा. सांगलीकडच्या लाल मातीत वाढलेले, कान मोडून भज्यासारखे झालेले. पलटणीत भरती झाले ते कुस्तीच्या जोरावर. हवालदार म्हणून बाहेर पडले तेव्हा पलटण जयपुरात होती, म्हणून आम्हीपण जयपुरातच राहिलो. गावी जाऊन भावकीत तोंड दाखवायची त्यांना हौस नव्हती. तिथल्या सोडाला भागात दोन खोल्या घेतल्या आणि जवळच्या एका गोदामावर चौकीदारी धरली. पहाटे अंगणात जोर मारायचे, त्यांचा तो हुं हुं आवाज आणि भिंतीवरच्या मोरांचा कर्कश ओरडा दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. शेजारच्या माथुर काकू खिडकीतून म्हणायच्या, "भाईसाब, या आप चुप रहो या मोर को चुप कराओ." आत आई स्टोव्हवर बाजरीच्या भाकरी थापायची. ज्वारी तिच्या मनासारखी मिळायची नाही, म्हणून दर भाकरीला ती जयपूरला नावं ठेवायची. मात्र तिथल्या लाल मिरचीचा ठेचा करताना एक शब्द बोलायची नाही, कारण तशी मिरची गावाकडं नव्हती. घरभर खकाणा उठायचा आणि आम्ही सगळे शिंकत शिंकत जेवायचो.

फ्रीस्टाईल कुस्त्यांचे खेळ लावणारा ठेकेदार गोदामावर आला तो त्याच्या रिंगच्या फळ्या आणि गाद्या ठेवायला. आण्णा स्टुलावर बसलेले. तो त्यांच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "पहलवान, ये कान यहाँ स्टूल पर क्या कर रहे हैं?" झालं. महिन्याभरात आण्णा 'दक्खन का दानव' झाले. काळा लंगोट, कपाळावर काळा टिळा, आणि शेवटी हरायचं. कधी अजमेर, कधी अलवर, कधी जयपूर. ज्याच्याकडून हरायचं तो भंवरलाल, शेखावाटीचा गडी, आण्णांपेक्षा लहान, देखणा, लोकांचा लाडका. आण्णा त्याला शिव्या द्यायचे, डोळ्यांत माती टाकल्याचं सोंग करायचे, आणि सरतेशेवटी भंवर त्यांना खांद्यावर उचलून आपटायचा. माणसं उभी राहून ओरडायची. चौकीदाराकडं बघून कोण ओरडतं? मला वाटतं आण्णांना तेच आवडलं असणार. हरण्याचं त्यांना वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

मी आठवीत नापास होऊन बसलो आणि मग शाळेतून उठलोच. माझं मराठी आईच्या तोंडातलं आणि अक्षर हिंदी शाळेतलं. इथं जे शुद्ध दिसतंय ते सुनेनं केलेलं आहे. सोळाव्या वर्षापासून मी ओमजींकडं कामाला होतो. ओमजी लग्नाच्या व्हिडिओ काढायचे. खांद्यावर कॅमेरा, कमरेला रेकॉर्डर, आणि मागं मी हॅलोजनचा दिवा उंच धरून. दिव्याखाली नवऱ्या मुलींचा मेकअप वितळायचा आणि माझे हात भाजून निघायचे. ओमजींचा एक नेम होता. वरमाला गळ्यात पडली रे पडली की कॅमेरा गर्रकन पाहुण्यांकडं. कारण कॅसेट बघताना भांडणं पाहुण्यांचीच व्हायची: माझे साडू दिसले नाहीत, माझे फूफाजी अर्धेच दिसले. आणि पाहुणे नसतील तेव्हा हात. मेंदीचे हात, बांगड्यांचे हात, एकमेकांत दिलेले हात. माझं आणि सुमनचं लग्न पुढं ओमजींनीच काढलं. त्यात तिचा चेहरा जेमतेम आहे, आणि हात बघावेत तितके. सुमन आयुष्यभर त्यावरून कुरकुरली, "एवढी नटले होते, आणि त्या मेल्यानं नखं काढली." ती फाल्गुनात गेली. मुलानं ती कॅसेट मोबाईलवर घालून दिलीय. मी तिचे हात बघतो. जास्त बघवत नाही.

ठेकेदाराला कॅसेटा विकायच्या होत्या, म्हणून त्यानं ओमजींना बोलावलं आणि मैदानात दुपारी उन्हात उभं करून शिकवलं. मारणाऱ्याच्या पाठीमागं राहायचं. ठोसा आणि गाल यांच्यामध्ये हवा दिसली तर धंदा संपला. दानवाला खालून घ्यायचं म्हणजे तो ताडासारखा दिसतो. कुणी चेहरा वाकडा केला की जवळ जायचं, इतकं जवळ की बाकी काही दिसू नये. आणि माणूस आपटला की ताबडतोब पब्लिक. "गिरने के बाद आदमी बेकार है," ठेकेदार म्हणाला, "गिरने के बाद पब्लिक बिकती है." ओमजी खूश झाले. म्हणाले, हे तर शादीसारखंच आहे.

मी दिवा घेऊन रिंगच्या कडेला असायचो, त्यामुळं मला मधली हवा दिसायची. ठोसा कानामागनं जायचा आणि आण्णा गादीवर पाय आपटून आवाज काढायचे. बांबूच्या गॅलरीत मागं बसलेल्यांनाही ते थोडंफार दिसत असणार. ते हसायचे, शेंगा खायचे, मजा घ्यायचे. पण तीच लढत टीव्हीत बघितली तर हवा गायब, आणि आण्णांचा चेहरा परातीएवढा. आता नातू टीव्हीवर अमेरिकेतले पैलवान बघतो. तिथं दर ठोशाला चित्र बदलतं. मी त्याला म्हणतो, चित्र बदललं की समज, लागलं नाही. सुमन असताना मला गप्प करायची, "त्याला बघू द्या की, तुमच्या डोळ्यांनी कशाला बघायचं त्यानं?" आता गप्प करायला कुणी नाही, म्हणून नातू दुसऱ्या खोलीत जाऊन बघतो.

आणखी एक मला दिसायचं. मिठी घट्ट बसली की भंवर आण्णांचं मनगट हळूच दाबायचा. आण्णा उलट दाबायचे. म्हणजे ठीक आहे, उचल. एवढ्या आरडाओरड्यात त्यांचं तेवढंच बोलणं. मी एकदा आण्णांना विचारलं तर म्हणाले, "बघितलंस? बरं. घरी बोलायचं न्हाई."

पहिली कॅसेट आम्ही भागवतसाहेबांकडं बघितली. ते बँकेत अधिकारी, मराठी मंडळाचे सेक्रेटरी, मानसरोवर कॉलनीत नव्या घरात राहायला गेलेले. रंगीत टीव्ही, व्हीसीआर, पोह्यांवर ओलं खोबरं. मंडळातली माणसं जमलेली. आई तोवर कधी मैदानावर गेली नव्हती. बाईमाणसानं कुठं जायचं तिथं. ती पुढं सतरंजीवर बसली, पदर तोंडाशी धरून. टीव्हीत भंवरनं आण्णांचा हात पिरगाळला आणि ओमजी जवळ गेले. तोंड वासलेलं, डोळे पांढरे, मिशीवर लाळ. मंडळी म्हणाली, "अरे बापरे!" भागवतसाहेब आण्णांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "केवढं सोसता हो तुम्ही हवालदार!" आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भागवतवहिनींनी तिला पाणी दिलं.

बसनं आम्ही घरी आलो. दारात शिरल्यावर म्हणाली, "बास झालं आता. त्यो तुमास्नी मारून टाकणार."

"काय मारतोय. पोरगं चांगलं हाय ते."

"मी बघितलं न्हवं का डोळ्यानं?"

"तसं लागत न्हाई गं."

"न्हाई लागत? मग त्ये तोंड कशापायी तसं केलंवतं?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि बादली घेऊन आंघोळीला गेले. नंतर अंगणात मी त्यांना म्हणालो, सांगून टाका की आईला. ते पंच्यानं डोकं पुसत म्हणाले, "काय सांगू? मी पडायला जातो म्हणून सांगू? तिनं माझ्याशी लगीन केलं ते माझ्या कुस्तीचं नाव ऐकून." मग आई तसंच समजत राहिली. पुढच्या लढतीला तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

ती लढत जयपुरातच होती, संध्याकाळी, उजेड असताना सुरू झाली. पुढच्या खुर्च्यांवर कुणी पुढारी पाहुणे म्हणून आलेले. फळ्यांवरची गादी त्या दिवशी एका बाजूला सरकली होती. ते मी बघितलं होतं, ठेकेदाराच्या माणसानंही बघितलं होतं, पायानं ढकलून त्यानं ती जागेवर आणली होती. सगळं रोजच्यासारखं चाललं. भंवरनं मनगट दाबलं, आण्णांनी दाबलं, भंवरनं उचललं. घामानं आण्णा त्याच्या खांद्यावरनं निसटले, पाठीवर पडायचे ते मानेवर आणि उजव्या खांद्यावर आले, आणि तिथं परत सरकलेल्या गादीबाहेर फळीची कड होती. आवाज झाला तो पाय आपटल्याचा नव्हता. मग ते पालथे झाले आणि तसेच राहिले.

ओमजींनी कॅमेरा गर्रकन पुढाऱ्याकडं फिरवला. त्यांच्या सवयीप्रमाणे आणि ठेकेदाराच्या हुकुमाप्रमाणे. सवयीनं मलाही ओढ बसली, दिवा पण तिकडं न्यायला हवा होता. मी नेला नाही. माझा दिवा आण्णांवर होता. त्यांचा चेहरा माझ्याकडं होता आणि त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, एखादा माणूस बसची वाट बघतो तसा. इतकी वर्षं खोटं दुखणं त्यांनी परातीएवढं दाखवलं, आणि खरं आलं तेव्हा दाखवण्यासारखं काही निघालं नाही. सुमनच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर विचारायचे, अम्मा, कितना दर्द है? ती म्हणायची, ठीक है. डॉक्टर पुढच्या खाटेकडं जायचे. मी त्यांच्या मागं धावत जाऊन सांगायचो की ठीक नाही, मला हा चेहरा माहीत आहे.

भंवर त्यांच्या अंगावर वाकला आणि मनगट दाबलं. परत दाबलं. आण्णांचा हात ओल्या फडक्यासारखा. मागनं लोक ओरडत होते, "पलट! पलट के बैठ!" उताणं करून छातीवर बसला की लढत संपली, भंवर जिंकला, रोजच्यासारखं. ठेकेदार कडेनं तेच ओरडत होता. पण मानेला लागलेल्या माणसाला पलटवायचं नसतं हे आखाड्यात वाढलेल्याला माहीत असतं. पंच लांब उभा राहून भंवरकडंच बघत होता. भंवर गुडघ्यांवर बसला, आण्णांच्या पसरलेल्या हाताखाली अलगद स्वतःचा हात सरकवला, जसं काही आण्णांनीच तो पकडलाय, आणि दुसऱ्या हातानं गादीवर थापा मारल्या. म्हणजे मी हरलो. लढत बंद. लोकांचा लाडका भंवर, पालथ्या पडलेल्या दानवाकडून हरला. मैदानातून चपला आल्या, शेंगांच्या पुड्या आल्या, शिव्या आल्या. तो हलला नाही, आण्णांवर काही पडू नये म्हणून आडवा बसून राहिला. थापांचा आवाज ऐकून ओमजींनी कॅमेरा परत फिरवला होता.

मग कॅसेटमध्ये काय आलं? भंवर आण्णांना उचलतो. पुढारी टाळ्या वाजवतो. भंवर हरलेला आहे. बस. मधलं नाहीच. ज्याला जे घालायचं ते त्यानं त्या जागी घातलं. मंडळातल्या लोकांनी घातलं की आण्णांनी खालून एखादा जुना सांगलीचा डाव टाकला. ठेकेदारानं गावभर सांगितलं की भंवर विकला गेला, आणि विकला गेला तो गेला, वर रागानं साथीदाराची मान मोडली. त्याला गादीची गोष्ट झाकायची होती. साथीदाराला मोडणाऱ्या माणसाबरोबर या धंद्यात कुणी उतरत नाही. दुसऱ्या कंपनीनंपण भंवरला दारात उभं केलं नाही. भंवर खरं बोलायला गेला असता तर सगळी लढत ठरलेली असते हे बोलावं लागलं असतं, आणि मग तर कुणीच उभं केलं नसतं. त्याच्या बाजूनं बोलू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गळ्यात पट्टा बांधून आमच्या खाटेवर पडलेला.

आईला मी सांगितलं. इस्पितळातच सांगितलं की भंवरनं वाचवलं, मी बघितलं. ती म्हणाली, "टीव्हीत समदं हाय, त्ये न्हाई. टीव्हीत न्हाई ते तुला कसं दिसलं?" मी म्हणालो दिवा माझ्या हातात होता. तिला ते पटलं नाही. भंवर इस्पितळात आला तर तिनं त्याला जिन्यावरूनच हाकललं. आण्णा सगळं ऐकत होते. त्यांची मान बरी निघाली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आणि तोंड होतं त्याचाही ते उपयोग करत नव्हते. मला त्यांचा राग यायचा. अजून थोडा आहे.

आण्णा घरी आल्यावर एका रविवारी सकाळी भागवतसाहेब स्कूटरवर टीव्हीचा खोका आणि व्हीसीआर बांधून आमच्याकडं आले. बिचारे प्रेमानं आले होते. नारळ, शाल, पेढे. म्हणाले, "हवालदार, तुमचा विजय तुम्हीच बघितला नाहीत, हे काही बरोबर नाही." त्यांनी वायरी जोडल्या. आई दारात जोंधळ्याचं पीठ चाळत बसली होती. कुणीतरी गावाकडनं आणलं होतं. कॅसेट सुरू झाली. तेवढ्यात फाटकाशी भंवर. हातात डाळिंबांची पिशवी, दाढी वाढलेली. आई चाळणी घेऊनच उठली.

"क्यों आया? और एक हात बाकी है, वो तोडने आया?"

"भाभीजी, बस देखके जाता हूँ."

"टीव्ही में देख. उधर दिखता है तेरा काम."

 भंवरनं पिशवी पायरीवर ठेवली आणि वळला. टीव्हीत पुढारी टाळ्या वाजवत होता. भागवतसाहेब म्हणाले, "आता बघा, आता बघा."

"बंद करा ते," आण्णा म्हणाले.

"अहो पण पुढंच तर तुमचा डाव..."

"डाव न्हाई, काय न्हाई. ती कुस्ती न्हवती. एकबी न्हवती. ठरवून पडायचो मी." मग खाटेवरूनच ओरडले, "भंवर! अंदर आ." आणि आईकडं बघून म्हणाले, "मी पडलो ते त्याच्या घामानं आन् ठेकेदाराच्या फळीनं. ह्या पोरानं मला पलटी केलं असतं तर आज तू पांढऱ्या कपाळानं बसली असतीस. आत घे त्याला."

भागवतसाहेबांनी टीव्ही बंद केला. शाल हातातच होती, तिचं काय करावं त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती भंवरच्या खांद्यावर टाकली, घाईघाईनं, आणि टीव्ही नंतर नेतो म्हणून निघून गेले. पुढं ठेकेदाराकडं आणि दुसऱ्या कंपन्यांकडं जाऊन आण्णांचं म्हणणं सांगून आले तेही तेच. त्याचा उपयोग झाला. भंवरला अलवरकडच्या एका कंपनीनं घेतलं.

आई चाळणी घेऊन तशीच उभी. "समद्या?" तिनं विचारलं.

"समद्या."

"अजमेरची? दिवाळीच्या आधीची? मला चक्कर आलीवती बघा, ती?"

"व्हय."

ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. पोळपाट एवढा वाजलेला मी कधी ऐकला नव्हता. दोन ताटं बाहेर आली, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगं. एक तिनं भंवरपुढं ठेवलं. आण्णांना ती रोज भरवायची, पण त्या दिवशी दुसरं ताट खाटेवर ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली. आण्णा डाव्या हातानं भाकरी मोडायला बघत होते, ती मोडेना. मी उठणार तोवर भंवरनं स्वतःचं ताट सरकवलं, भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि आण्णांच्या तोंडात घातली.

आण्णा चावत चावत म्हणाले, "पब्लिक बहोत नाराज था?"

"चप्पल आई थी. नई की नई. दूसरी भी फेंकता तो पहन लेता."

आण्णा हसले आणि मान दुखली म्हणून थांबले. मीपण हसलो. आई नाही. तिनं भंवरकडं बघून तिच्या त्या मोडक्या हिंदीत विचारलं, "तेरे घर में उपास कौन करता है?"

भंवरचा हात ताटातच राहिला. "माँ करती है, भाभीजी. निर्जला. उसको अभी तक नहीं बताया."

 आई खाली बसली, त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि आण्णांसाठी घास करायला लागली.

"मत बता," ती म्हणाली.